नारळाच्या आळ्यात सापडलेले डायपर

मृग लागायच्या आधी आमच्याकडे माडांची आळी उकरून खत घालतात. गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी सासरे आगरातल्या विहिरीपलीकडच्या माडाचं आळं उकरत होते आणि मी ओटीवर बसून भाजी निवडत होते. सातवा महिना लागला होता, त्यामुळे वाकायची कामं बंद होती. मध्येच कुदळ थांबली. सासऱ्यांनी हाक मारली, "अगो, जरा इकडे ये. हे काय लागलंय बघ."

मातीतून एक पांढरं-करडं गाठोडं वर आलं होतं. मी काठीने ते उलगडलं. कंबरेचं इलास्टिक ताणलं तर अजून ताणलं जात होतं. चिकटपट्टीवर छापलेलं निळं अस्वल फिकट झालं होतं, पण अस्वल आहे हे कळत होतं. कापसासारखा भाग कुजून गेला होता आणि त्याच्या जागी भिजवून विसरलेल्या साबुदाण्यासारखा चिकट गोळा होता. माडाची कोवळी मुळं त्या प्लास्टिकला वळसा घालून गेली होती. एकही मूळ आत शिरलेलं नव्हतं.

तो डायपर माझ्या थोरलीचा होता. ती तेव्हा पाच वर्षांची होत आली होती, म्हणजे तो पुरून अडीच वर्षं तरी झालीच होती. त्या आळ्यातून त्या दिवशी असे सत्तावन्न निघाले. मी मोजले.

ते आम्ही का पुरले होते, ते सांगते. आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठावर. इथे घंटागाडी येत नाही. भाजीची देठं आणि खरकटं गोठ्यात नाहीतर शेणकीत जातं, कागद चुलीत जातो, बाटल्या भंगारवाला नेतो. डायपर यातलं कोणीच घेत नाही. सुरुवातीला आम्ही ते पालापाचोळ्याबरोबर जाळले. वरचं प्लास्टिक वितळून काळा, घशाला खवखवणारा धूर यायचा आणि मधला गोळा तसाच राहायचा. डायपरच्या आत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाचे दाणे असतात. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. म्हणून तर बाळ कोरडं राहतं, आणि म्हणूनच ते जळत नाहीत. पाण्याने भरलेली वस्तू पेटणार कशी? मग परसात खड्डा करून पुरले, तर कुत्र्यांनी रात्रीत उकरून पाणंदभर पसरले. एकदा उधाणाच्या भरतीनंतर खाडीवर गेले होते, तर तिवरांच्या वर आलेल्या मुळ्यांत दोन डायपर अडकून फुगलेले दिसले. आमचेच होते की दुसऱ्या कोणाचे, देव जाणे. पण तिथेच दहा पावलांवर बायका कालवं फोडत बसल्या होत्या. त्या दिवसापासून सासऱ्यांनी डायपर माडाच्या आळ्यात खोल पुरायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, मातीत सगळं माती होतं. आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलेलं.

त्या संध्याकाळी मी हिशोब केला. थोरलीने सव्वादोन वर्षं डायपर वापरले. सरासरी दिवसाला पाच धरले तरी चार हजारांच्या पुढे. पैशांचं सोडा. चार हजार गाठोडी आमच्या आगरात, पाणंदीत, खाडीत कुठे ना कुठे आहेत, आणि ती माझी मुलगी म्हातारी होईपर्यंत तिथेच असणार. पोटातलं बाळ श्रावणात येणार होतं. मी नवऱ्याला सांगितलं, या वेळी असं करायचं नाही. तो म्हणाला, "श्रावणात? लंगोट वाळणार कुठे?"

त्याचा प्रश्न खरा होता. आमच्याकडे पावसाच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात मीठ पाझरतं, पापडांना बुरशी येते, दांडीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमटच असतो. कोकणातल्या बायकांनी डायपर आळसाने घेतले, असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. आम्ही ते पावसामुळे घेतले.

वाट दाखवली ती आजेसासूबाईंनी. आजी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही, दिवसभर ओटीवरच्या बाकावर. त्या म्हणाल्या, "लंगोट वाळवायच्या गोष्टी करताय. आधी भिजवताय कशाला तितके? शू यायच्या वेळी मोरीवर धरायचं पोराला." मला वाटलं त्या बोलण्यापुरतं बोलतायत. थोरलीच्या वेळी हेच त्या बोलल्या होत्या आणि मी ऐकलं नव्हतं. तेव्हा मला ते मागासलेलं वाटलं होतं. आजी पुढे म्हणाल्या, "सहा पोरं वाढवली मी. वर्षाची झाली की लंगोट सुटले. मला आता बसवत नाही, पण डोळ्यांना दिसतं. तू धर, मी सांगते."

बाबूचा जन्म नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी झाला. हॉस्पिटलमधून तिसऱ्या दिवशी घरी आलो. पहिली काळी, डांबरासारखी शी हॉस्पिटलमध्येच होऊन गेली होती. घरी आल्यावर पहिले चार-पाच दिवस मी काहीच केलं नाही. अंग दुखत होतं, दूध नुकतं उतरत होतं, शेक-शेगडी चालू होती. लंगोट बांधत होते, बदलत होते, रात्री डायपर घालत होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पहिल्याच दिवसापासून सगळं करायचं असं डोक्यात घेतलं की चौथ्या दिवशी बाई रडते. मी थोरलीच्या वेळी तशी रडलेली आहे, दुसऱ्या कारणांनी.

त्या दिवसांत आजींनी एकच काम दिलं: लंगोट मोकळा सोडून बाळाकडे बघत राहायचं. दुपारी दार लावून, मेणकापडावर जुन्या सुती लुगड्याची चौघडी अंथरून बाबूला नुसता झबल्यात निजवायचा आणि बघायचं. शू करताना तो काय करतो, त्याच्या आधी काय करतो. आणि शू सुरू झाली की लगेच तोंडाने "श्श्श्श" म्हणायचं. मी म्हटलं, "आजी, तो करतोच आहे, आता म्हणून काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "आता त्याच्या कानाला कळू दे की ह्याला हे म्हणतात. मग उद्या तू म्हटलंस की तो करील." शीसाठी वेगळा आवाज, घसा दाबून "अं… अं". आजी बाकावरून तो आवाज इतका मनापासून काढायच्या की थोरली धावत येऊन बघायची.

आशाताई ठरल्या दिवशी यायच्या. हॉस्पिटलात बाळंतपण झालेल्या बाळाच्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. वजन करतात, अंग गरम आहे का पाहतात, आणि हमखास विचारतात, "शू किती वेळा होते?" दिवसरात्रीत निदान सहा वेळा झाली तर दूध पुरतंय असं धरतात. थोरलीच्या वेळी या प्रश्नाला मी अंदाजे उत्तर द्यायचे, कारण डायपर फुगला की बदलायचा, आत दोनदा झाली की पाचदा हे कळायला मार्गच नव्हता. या वेळी चौदाव्या दिवशी मी म्हटलं, "काल सतरा वेळा." आशाताईंनी पेन थांबवून वर बघितलं. खरंच सतरा वेळा झाली होती. एवढ्याशा बाळाची पिशवी एवढीशीच, ती सारखी रिकामी होते. मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने रेघा मारत होते.

पहिली शू धरली ती अकराव्या दिवशी. सकाळचे साडेसहा झाले असतील. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, कौलांवर एकसारखा आवाज चालू होता. बाबू झोपेतून हलला. डोळे मिटलेलेच, पण पाय पोटाशी घेतले, मान डावीकडे उजवीकडे केली, आणि नाकातून कुंथल्यासारखा आवाज काढला. एरवी मी त्याला लगेच अंगावर घेतलं असतं. ओटीवरून आजींचा आवाज आला, "तो जागा झालाय ना? आधी धर. दूध मागून." मी त्याला उचलून न्हाणीत गेले. पाटावर बसले. त्याची पाठ माझ्या पोटाला टेकवली, डोकं छातीवर, आणि दोन्ही हातांनी त्याच्या मांड्या खालून अलगद धरून त्याला मोरीच्या तोंडाशी उकिडवा केला. पाय ओढले नाहीत, दाबले नाहीत, गुडघे नुसते वर आले. "श्श्श्श." काही नाही. पाऊस कोसळतोय. मी पुन्हा म्हटलं. त्याची हालचाल एकदम थांबली. डोळे उघडले आणि समोरच्या भिंतीवर एका जागी टक लावली. पोट माझ्या हाताखाली किंचित घट्ट झालेलं मला जाणवलं, मग बारीक धार. ती मोरीतल्या चिऱ्यावर पडली. शेवटी त्याच्या अंगावर एक शहारा आला आणि तो सैल झाला. मी त्याला कुशीत घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. अकरा दिवसांचं बाळ, आणि त्याला काय हवं होतं ते मला कळलं होतं.

मी बाहेर आले तेव्हा आजींनी विचारलं, "केलंन?" म्हटलं, "केलंन." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

पुढे खुणा कळत गेल्या. झोपेतून उठल्याउठल्या शू होते, ही सगळ्यात पक्की वेळ. दूध पिता पिता बाळ मध्येच स्तन सोडतं, पुन्हा तोंडात घेतं, पुन्हा सोडतं, लाथा झाडतं, ते शीचं लक्षण. याचं कारण मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं: पोटात दूध उतरलं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि तान्ह्या बाळात हे फार जोरात होतं. थोरली असं करायची तेव्हा मी तिला दूध पुरत नाही असं समजून रडायचे आणि वरचं दूध द्यायचा विचार करायचे. ती बिचारी शी आली म्हणून सांगत होती. आजी ओटीवरून बघून सांगायच्या, "दूध सोडलंन बघ. धर." दहातल्या आठ वेळा त्या बरोबर असायच्या. खेळता खेळता एकदम गप्प होऊन शून्यात बघणं, एकच पाय ताणणं, गाल लाल होणं, वारा सरणं, या खुणा मला महिन्याभराने दिसायला लागल्या. आणि काही वेळा खूण दिसायच्या आधीच मला आतून वाटायचं की आता होणार. ते कसं, ते मला सांगता येणार नाही.

लंगोटांचं सांगते. तीस लंगोट शिवले, सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांचे. नवीन कापड नको, जुन्याची मऊ झालेली वीण पाणी पटकन शोषते आणि पटकन वाळते. पहिल्या आठवड्यात रोज बावीस-तेवीस भिजत होते. पडवीत तीन दांड्या बांधल्या होत्या, तरी पुरत नव्हत्या. रात्री शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूचं डालगं उपडं ठेवायचं आणि वर लंगोट पसरायचे. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकायचा, की कापडाचा कुबट वास जातो. हे काम सासूबाई करायच्या, कारण त्याला बसून लक्ष ठेवावं लागतं. एकदा डोळा लागला आणि दोन लंगोट करपले. दोन-तीन आठवड्यांत दिवसाला बारा-तेरावर आलो आणि गणपतीत, घरात पाहुणे असूनही, एक दिवस सात लंगोटांवर भागलं. नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. पाऊस तेवढाच होता. भिजणंच कमी झालं होतं.

एका बाबतीत माझं आणि आजींचं पटलं नाही. त्यांच्या काळी शी कागदावर किंवा केळीच्या पानावर घेऊन आगरात टाकून देत. "दुधावरचं पोर, त्याची कसली आलीय घाण?" असं त्या म्हणायच्या. मी ते ऐकलं नाही. तान्ह्या बाळाच्या शीतूनही जंतू पसरतात, आणि आमची जमीन जांभ्याची. जांभा दगड म्हणजे चाळण. वरचं पाणी पावसात भराभर झिरपून विहिरीला मिळतं, आणि तीच विहीर आम्ही पितो. म्हणून शू न्हाणीच्या मोरीतून अळवाला आणि केळींना जाऊ दिली, पण शीला वेगळं भांडं ठेवलं, ते दर वेळी संडासात ओतायचं, धुऊन पाणीही तिथेच, आणि मग साबणाने हात. रात्री दोन वाजतासुद्धा. आजी पहिले काही दिवस नाराज होत्या. नंतर एकदा शेजारणीला सांगताना ऐकलं, "आमच्याकडे संडासात ओततात हो." तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

रात्री मी डायपर वापरला, एक. ते लपवायचं कारण नाही. शाळकरी थोरली, सकाळचा डबा आणि पावसात जाणारी वीज, या सगळ्यात रात्री चारदा उठून न्हाणीत जाण्याची ताकद माझ्यात नव्हती. माहेरी चिपळूणला एसटीने जाताना वापरला, दवाखान्यात जाताना वापरला. तो वापरल्यावर शी असेल तर आधी संडासात झटकायची, मग कागदात घट्ट गुंडाळायचा. 2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर गुंडाळून द्यायचे आणि उत्पादकांनी त्यासाठी पिशव्या पुरवायच्या असं सांगितलं होतं. गुंडाळलेला डायपर नेणारी गाडी मात्र आमच्या पाणंदीपर्यंत पोचलेली नाही. म्हणून मी ते डब्यात झाकून ठेवायचे आणि नवरा महिन्यातून एकदा शहरात जाताना घेऊन जायचा. दिवसाला एक म्हणजे महिन्याला तीस. तेवढे मोटारसायकलवर मावतात. दीडशे मावले नसते.

बाबू अडीच महिन्यांचा असताना त्याला लसीला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इतक्या लवकर कशाला? दीड-दोन वर्षांनी मुलं आपोआप शिकतात." ते चुकीचं बोलत नव्हते. टी. बेरी ब्रेझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्ये मांडलं की मूल स्वतः तयार झाल्याशिवाय, साधारण 18 महिन्यांच्या आधी, त्याला शौचाची सवय लावायची घाई करू नये. त्याआधी पाश्चात्त्य देशांत फार कडक शिस्तीने, ओरडून, मुलांना भांड्यावर बसवत. त्याला त्यांचा विरोध होता, आणि तो योग्यच होता. पण आजी जे करत होत्या त्यात जबरदस्ती कुठेच नव्हती. बाळाने पाठ ताठ केली की त्या म्हणायच्या, "नाही म्हणतोय, सोड त्याला." डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त धरू नका, मान सांभाळा, रागावू नका, मग काही हरकत नाही.

मागाहून मला 1977 मधल्या एका अभ्यासाची माहिती मिळाली आणि मी ती आजींना वाचून दाखवली. केनियाच्या किनाऱ्यावर डिगो नावाचे लोक राहतात. त्यांच्या आया बाळ दोन-तीन आठवड्यांचं झालं की जमिनीवर पाय लांब करून बसतात, बाळाला पायांमध्ये बाहेरच्या बाजूला तोंड करून धरतात आणि तोंडाने "शू" असा आवाज काढतात. पाच-सहा महिन्यांत त्यांची मुलं दिवसा आणि रात्री कोरडी राहायला लागतात, असं त्या संशोधकांनी नोंदवलं आहे. त्यांच्याकडेही माड आहेत, समोर आमच्याच समुद्राचं पाणी आहे. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पायावरच बसवतात ना? मांडीवर नाही?" म्हटलं, पायांमध्येच. "मग बरोबर," त्या म्हणाल्या.

पायावर बसवणं आम्ही मान धरल्यावर, म्हणजे साडेतीन महिन्यांपासून सुरू केलं. पाटावर बसून पाय पुढे लांब करायचे, पावलं थोडी फाकवायची, बाळाचा पार्श्वभाग दोन पावलांच्या मधल्या खोबणीत बसवायचा, त्याचं तोंड आपल्याकडे, आणि दोन्ही हातांनी काखेत धरायचं. तो माझ्याकडे बघत असायचा, मी त्याच्याकडे. सकाळची शी रोज तिथे व्हायची, सहा वाजता, घड्याळ लावल्यासारखी. चार महिन्यांचा असताना डिसेंबरभर फक्त दोन वेळा शी लंगोटात झाली. तो महिना मी कधी विसरणार नाही.

माझी शेजारीण काजूच्या कारखान्यात जाते. तिचा मुलगा बाबूपेक्षा महिन्याने लहान. ती म्हणाली, "तुझं बरं आहे, घरी असतेस. मी काय करू?" मी तिला सांगितलं की फक्त सकाळी उठल्यावर एकदा धर, बाकी काही करू नकोस. तिने तेवढंच केलं. तिच्या मुलाची सकाळची शी धरली जाते, आणि रोजचा एक घाण डायपर कमी झाला. तिच्या सासूबाईंना दुपारी आठवलं तर त्या आणखी एकदा धरतात. मला वाटतं हे शिकवायची खरी पद्धत हीच. सगळं किंवा काहीच नाही, असं जो सांगेल त्याचं ऐकू नये.

एप्रिलमध्ये बाबूने सगळं बंद केलं. नऊ महिने होत आले होते, रांगायला लागला होता, वरचे दोन दात येत होते. पायावर घेतलं की कमान करून मागे झोकून द्यायचा, किंचाळायचा, आणि खाली सोडल्यावर दोन मिनिटांनी ओटीच्या मधोमध शू. दिवसाला पंधरा लंगोट. मी फार खचले. एक दिवस मी त्याला जरा जास्तच वेळ धरून ठेवलं आणि आवाज चढवला. तो रडला, मीही रडले, आणि आजींनी मला हाक मारून शेजारी बसवलं. "बायो," त्या म्हणाल्या, "त्याला आता पाय फुटलेत. त्याला बसून राहायचं नाही. तू दोन दिवस विसर." मी आठवडाभर धरणंच सोडलं. लंगोट धुतले, लादी पुसली, तोंडातून एक शब्द काढला नाही. मग सकाळी त्याला न्हाणीत न नेता बाहेर आणलं, जास्वंदीच्या आळ्याशी, कोंबड्या दाणे टिपत होत्या तिथे. उभ्या उभ्याच काखेत धरलं. कोंबड्यांकडे बघता बघता शू झाली. जवळजवळ मे महिनाभर आमचं न्हाणीघर म्हणजे ती जास्वंद होती. पाऊस सुरू झाल्यावर आत यावंच लागलं, तोवर राग निवला होता.

यंदा मृगाच्या आधी पुन्हा आळी उकरली. उरलेल्या दोन माडांखालून थोरलीचे आणखी डायपर निघाले. सासरे एकेक काढून पोत्यात टाकत होते आणि बाबू पडवीतून खांबाला धरून बघत होता. थोरलीने विचारलं, "हे माझे आहेत?" मी हो म्हटलं. तिला वाईट वाटू नये म्हणून पुढे काहीतरी बोलणार होते, पण ती गोठ्याकडे गेली आणि पोतं धरून उभी राहिली, आजोबांना टाकायला सोपं जावं म्हणून.

आता बाबू चौदा महिन्यांचा आहे. दिवसा लंगोट नसतो. शू आली की न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत डुगडुगत जातो आणि "श्श" म्हणतो, कधी वेळेवर, कधी उंबऱ्यावर उभं राहूनच. रात्रीचा डायपर आठवड्यातून तीन-चारदा सकाळी कोरडा निघतो, तो मी दुसऱ्या रात्री पुन्हा वापरते. आजींना आता नीटसं दिसत नाही, पण तो पायरी उतरला की आवाजावरून त्यांना कळतं आणि त्या बाकावरूनच ओरडतात, "धरा रे त्याला!" थोरलीच्या डायपरांची तीन पोती गोठ्यामागे पत्र्याखाली ठेवली आहेत. माती धुऊन, उन्हात वाळवून ती हलकी केली. नवरा दिवाळीनंतर टेम्पो करून शहरात घेऊन जाणार आहे, त्या गाडीत आळीतल्या आणखी दोन घरांची पोती जायची आहेत.